टेडीची ‘सत्यघटना’ खरी नाही

शिक्षक दिन जवळ आला की नाशिकमधल्या आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती पोस्ट हमखास येते. आई गेल्यावर अभ्यासात मागे पडलेला, मळक्या कपड्यांतला टेडी स्टॉडार्ड बाईंना खडे पडलेलं ब्रेसलेट आणि तळाशी उरलेलं अत्तर देतो. मुलं हसतात, बाई मात्र ते अंगावर घालतात. पुढे टेडी डॉक्टर होतो. वर ठळक लिहिलेलं, ‘सत्यघटना’.

असं घडलेलंच नाही. ती एलिझाबेथ सिलन्स बॅलार्ड या अमेरिकी लेखिकेची काल्पनिक कथा आहे. १९७४ साली ‘होम लाइफ’ मासिकात छापलेली. आयोवातलं स्टॉडार्ड कॅन्सर सेंटर टेडीच्या नावाचं, ही शेवटची ओळ तर कुणीतरी मागाहून चिकटवलेली. ते नाव जॉन स्टॉडार्ड यांचं आहे.

पाठवायचीच तर कथा म्हणून, लेखिकेच्या नावासह पाठवा. कारण सातपूरच्या एका तरुण शिक्षिकेनं मला रडवेल्या आवाजात विचारलं होतं, “मॅडम, टेडी वर्षभरात बदलला, मग मीच कमी पडते का?” तिच्या वर्गातला एक मुलगा तोंडच उघडत नव्हता. दीड वर्षानं, हजेरी घेताना, तो खाली बघत हळूच ‘हजर’ म्हणाला.