विमानाचा बोल्ट आणि वाळूजचा बोल्ट

छत्रपती संभाजीनगरात किट विमान, म्हणजे सुटे भाग मागवून घरीच जोडायचं छोटं विमान, जोडायला घेतलं की कुणीतरी विचारतंच: वाळूज-चिकलठाण्याच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनतात, दुकानात ८.८ चा काय, १२.९ चा बोल्टही (हे आकडे ताकदीचे) उभ्या उभ्या मिळतो, मग इंचभर बोल्टासाठी अमेरिकेहून येणाऱ्या कुरियरची वाट कशाला पाहायची? शिवाय १०.९ तर जास्तच दणकट. म्हणजे अपग्रेडच की!

प्रश्न रास्त आहे, कारण नुसत्या ताकदीत बाजारचा बोल्ट फारसा मागे नाही. किटसोबत येणारे एएन बोल्ट अमेरिकी लष्कर आणि नौदलाच्या जुन्या समान मानकातले. मिश्र पोलादाचे; ताण सोसायची ताकद १,२५,००० पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे सुमारे ८६० मेगापास्कल. ८.८ मधल्या पहिल्या आकड्याचा अर्थ ८०० मेगापास्कल. दुसरा सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे ६४० ला, बोल्ट कायमचा लांबायला लागतो. १०.९ चे १०००. ताकदीपुरतं पाहिलं तर एएन या दोघांच्या मधे बसतो.

फरक आहे तो दांड्यात. विमानाच्या सांध्यात बोल्टाला बहुतेक वेळा आडवा मार बसतो: दोन पत्रे किंवा फिटिंग एकमेकांवरून सरकू पाहतात आणि बोल्ट मधे अडतो. हा मार गुळगुळीत दांड्याने घ्यायचा असतो, आट्यांनी नाही. म्हणून एएन बोल्टाच्या प्रत्येक लांबीला बिनआट्याच्या भागाचं माप ठरलेलं असतं आणि ते जोडायच्या जाडीइतकं निवडावं लागतं. थोडा उरला तर वायसर. हार्डवेअरच्या दुकानात ‘सहाचा बोल्ट द्या’ म्हटलं की बऱ्याचदा फुल आट्यांचा हातात पडतो. एम-६ च्या आट्यांच्या तळाशी व्यास उरतो जेमतेम ४.८ मिलिमीटर, म्हणजे एकतृतीयांशाहून जास्त पोलाद तिथेच गेलं. वर ते आटे ॲल्युमिनियमच्या भोकाला कानशीसारखे घासतात आणि भोक लांबट होत जातं. मग बोल्ट १२.९ चा असला तरी काय उपयोग? भोक ॲल्युमिनियमचंच आहे.

मापं इंचातली असल्याने आपल्याकडची जुनी सुताची भाषा इथे मस्त चालते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एएन-३ म्हणजे दीड सूत जाड, एएन-४ दोन सूत, एएन-५ अडीच सूत. पुढचा आकडा लांबीचा, साधारण सुतातच: एएन४-७ सात सूत, आणि त्यानंतर ८ नाही, थेट १०, म्हणजे एक इंच शून्य सूत. १२ म्हणजे एक इंच दोन सूत. शेवटी ‘ए’ असेल तर दांड्याच्या टोकाला कॉटर पिनचं (नट सुटू नये म्हणून घालायच्या दुमडत्या तारेच्या पिनचं) भोक नाही. ‘ए’ नसेल तर आहे.

आता बाजारची जोडी लावून बघा. दोन सूत म्हणजे ६.३५ मिलिमीटर, एम-६ त्या भोकात चांगला ०.३५ ने ढिला. तो निदान हाताला कळतो. खरा फसवा एम-८. अडीच सूत म्हणजे ७.९४, आणि एम-८ चा दांडा मानकाप्रमाणे ७.७८ ते ८.०० मधे कुठेही असू शकतो. एक बोल्ट सैल जाईल, दुसरा हातोडीने ठोकून बसेल, आणि ठोकून बसलेला पाहून माणूस म्हणेल, काय घट्ट बसलाय!

बारीक बोल्टाने काय होतं याचं उदाहरण मोठ्या विमानाचं आहे. १० जून १९९० ला बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची कॅप्टनपुढची काच सुमारे १७,००० फुटांवर उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवलं, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं, कॅप्टन वाचला. काच नुकतीच बदललेली होती. तिच्या ९० पैकी ८४ बोल्ट व्यासाने सुमारे ०.६६ मिलिमीटर बारीक निघाले, कारण जुन्या बोल्टाशेजारी धरून ते नजरेने जुळवले होते. आणि ते तर विमानाचेच बोल्ट होते, बाजारचे नव्हेत.

नजर रंगालाही फसते. एएन बोल्टावर कॅडमियमचा सोनेरी मुलामा असतो. बाजारचं पिवळं झिंक तसंच चमकतं. म्हणून डोकं बघायचं. एएनच्या डोक्यावर फुलीसारखी खूण, बाजारच्यावर ८.८ वगैरे आकडा आणि कारखान्याची खूण. कशाच खुणा नसतील तर तो बोल्ट ट्रॉलीला लावा.

स्टेनलेसच्या लखलखाटाला भुलणारेही पुष्कळ. गंजत नाही हे खरं, पण दुकानात सर्रास मिळणारा ए२-७० हा ७०० मेगापास्कलचा, म्हणजे ८.८ पेक्षाही कमजोर. ओल राहिली तर शेजारच्या ॲल्युमिनियमला तोच खातो. चकाकी वाढली, सांधा कच्चा झाला. याला अपग्रेड म्हणणं मला तरी पटत नाही.

नटांचं थोडक्यात. नायलॉनचा लॉकनट स्थिर सांध्याला ठीक. जिथे बोल्ट फिरू शकतो, उदाहरणार्थ कंट्रोलच्या दांड्यांच्या सांध्यात, तिथे खाचांचा कॅसल नट आणि कॉटर पिन. एएन-४ ला टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, ५० ते ७० इंच-पौंड, म्हणजे ५.६ ते ७.९ न्यूटन-मीटर, लॉकनट नुसता फिरवायला लागणारा जोर त्यात वेगळा मिळवायचा. एम-६ च्या ८.८ ला गॅरेजमधे सवयीने दहाच्या आसपास लावतात. तो हात इथे नको.

बाजारचा माल मात्र शेडमधे हवाच: जिग (भाग जागेवर धरून ठेवणारा साचा), इंजिनचा स्टँड, पंख ठेवायचा घोडा, सगळं ८.८ वर निवांत उभं राहतं. घोळ होतो तो रोटॅक्स या कंपनीच्या इंजिनामुळे. तिचं ९१२ इंजिन ऑस्ट्रियाचं, त्यामुळे त्यावरचे बोल्ट मेट्रिकच, आणि मॅन्युअल सांगेल तेच तिथे लावायचे. म्हणजे एकाच विमानात फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिटमधल्या आगरोधक भिंतीच्या) पुढे मिलिमीटर आणि मागे सूत. तेव्हा डबे दोन ठेवा, झाकणांचे रंग वेगळे ठेवा, आणि जमिनीवर सापडलेला बोल्ट कुठल्याच डब्यात टाकू नका.