फायबरसाठी आरओडब्ल्यू परमिशन : अर्ज नकाशावरच का अडतो, आणि काय तपासून पाठवायचं

रस्त्याच्या कडेने फायबर म्हणजे इंटरनेटची ऑप्टिकल केबल टाकायची तर खोदाईआधी राइट ऑफ वे म्हणजे आरओडब्ल्यू परमिशन (दुसऱ्याच्या जागेतून केबल न्यायची परवानगी) लागते हे या लाइनमधल्या सगळ्यांना माहितीये. मे २०२२ मध्ये या परवानगीचे ऑनलाइन अर्ज घेणारं गतिशक्ती संचार पोर्टल आलं, १ जानेवारी २०२५ पासून नवीन राइट ऑफ वे नियम लागू झाले, फाइल घेऊन टेबल टू टेबल फिरणं कमी झालं, तरी अर्ज त्रुटीत पडायचे थांबलेले नाहीत. आणि परत आलेले अर्ज उघडून बघितले तर फी किंवा लायसन्समुळे अडलेले थोडेच असतात, घोळ असतो तो नकाशात. म्हणून इथे बाकीचं पटकन सांगतो आणि नकाशावर जास्त बोलतो.

अर्ज कोणाच्या नावाने? टेलिकॉम किंवा इंटरनेट लायसन्स असलेली कंपनी, नाहीतर आयपी-१ रजिस्ट्रेशन (टॉवर, डक्ट, फायबर उभारून टेलिकॉम कंपन्यांना भाड्याने द्यायची नोंदणी) असलेली कंपनी. खोदाईचा कॉन्ट्रॅक्टर स्वतःच्या नावाने अर्ज करत असेल तर तिथेच थांबा, त्याच्याकडे कंपनीचं अधिकारपत्र पाहिजे आणि अर्ज कंपनीच्याच नावाने गेला पाहिजे. सोबत लायसन्सची प्रत, कामाची पद्धत (उघडी चर का एचडीडी, म्हणजे वर न खोदता मशीनने जमिनीखालून आडवं भोक पाडणं), किती दिवस लागणार, लोकांची गैरसोय आणि अपघात टाळायला काय करणार, साइटवर जबाबदार माणूस कोण, आणि रूटचा नकाशा. बँक गॅरंटी आणि रस्ता पूर्ववत करायचा खर्च डिमांड नोट म्हणजे किती भरायचं त्याचं पत्र आल्यावर भरायचा. एवढंच.

आता खरी अडचण. रस्ता कोणाचा आहे याचा कागद जवळपास कोणाकडेच नसतो. मोटामोटी हिशोब असा की राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या यंत्रणेकडे, राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, आणि शहराची हद्द लागली की नगरपरिषद किंवा महापालिका. पण रस्ते वर्ग होत राहतात. कालचा जिल्हा परिषदेचा रस्ता दर्जोन्नत होऊन बांधकाम विभागाकडे जातो, राज्य महामार्ग राष्ट्रीय होतो, बायपास झाला की शहरातून जाणारा जुना तुकडा महापालिकेला देतात, आणि ऑनलाइन बेस मॅपवर वर्षानुवर्षं जुनाच नंबर दिसत राहतो. तुम्ही त्या नंबरवर भरवसा ठेवून अर्ज टाकता, तिकडून उत्तर येतं "सदर रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत नाही". कोणाच्या अखत्यारीत आहे ते मात्र लिहीत नाहीत! ज्या ऑफिसने रस्ता दिला त्यांच्याकडे हस्तांतरणाचं पत्र असणारच ना, मग त्याचा जावक नंबर शेऱ्यात लिहायला काय हरकत आहे, समोरच्या माणसाचे कित्येक आठवडे वाचतील. ते होईल तेव्हा होईल, तोपर्यंत सर्व्हेच्या वेळीच उपविभागात जाऊन शाखा अभियंत्याला रूट दाखवा, कोणत्या किलोमीटरपासून कोणत्या किलोमीटरपर्यंत त्यांचं आहे हे विचारा, आणि जमलं तर पत्राने लिहून घ्या.

मग तीच माहिती नकाशात आणा. चाळीस किलोमीटरची एक सलग रेषा काढून सगळ्यांना तीच केएमएल (गूगल अर्थमध्ये उघडणारी नकाशाची फाइल) पाठवू नका, प्रत्येक अधिकाऱ्याच्या हद्दीवर रेषा तोडा, प्रत्येक तुकड्याला रस्त्याचा नंबर, सुरुवातीचं आणि शेवटचं चेनेज (रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेलं किलोमीटर अंतर), डावी बाजू का उजवी, एवढं त्या तुकड्याच्या टेबलमध्येच भरा. रस्त्याचा माणूस अक्षांश-रेखांशात विचार करत नाही, तो किलोमीटरच्या दगडात विचार करतो, त्यामुळे नुसती रेषा दिली तर तो चेनेज मागणारच, आणि ते बरोबरही आहे. दगडाजवळ उभं राहून पॉइंट घ्या, घरी बसून अंदाजाने टाकलेलं चेनेज संयुक्त पाहणीत लगेच कळतं.

रेषा रस्त्याच्या मधोमध काढणं ही दुसरी कॉमन चूक. बेस मॅपवरची मधली रेषा कॉपी केली की कागदावर तुम्ही डांबर फोडणार असंच दिसतं. केबल कडेने जाणार तर रेषा कडेलाच पाहिजे. पण सॅटेलाइटचं चित्र स्वतः काही मीटर सरकलेलं असू शकतं आणि मोबाइलचं जीपीएस झाडाखाली अजून हलतं, एवढ्यात तुमची रेषा शेजारच्या शेतात जाते आणि मग "खाजगी गटातून जाते" असा शेरा. वळणं, पूल, मोऱ्या इथे तरी चांगल्या रिसीव्हरने पॉइंट घ्या. गट नकाशा महाभूनकाशावर मिळतो पण तो सॅटेलाइटवर बरोबर बसेलच असं नाही, तो बसत नाही म्हणून रेषा ओढूनताणून हलवू नका.

आता फाइलबद्दल, कारण इथे चांगली चांगली मंडळी फसतात. केएमएल मध्ये आधी रेखांश, मग अक्षांश असतो. एक्सेलमधून कॉलम उलटे गेले की रूट भलत्याच देशात. केएमएल कायम डब्ल्यूजीएस-८४ वर (जीपीएस वापरतं तीच अक्षांश-रेखांशाची पद्धत) असते, पण सर्व्हे टीम बहुतेक वेळा यूटीएम मध्ये (६-६ अंशांच्या झोनप्रमाणे मीटरमध्ये) आकडे देते, आणि महाराष्ट्रात दोन यूटीएम झोन लागतात हे लक्षात ठेवा. ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला झोन ४३, पूर्वेला ४४. म्हणजे अमरावती ४३ मध्ये आणि वर्धा, नागपूर ४४ मध्ये. नागपूरच्या फाइलला चुकून ४३ लावला तर रूट बरोबर ६ अंश पश्चिमेला सरकतो आणि सुरतेजवळ जाऊन पडतो, ही चूक निदान डोळ्याला दिसते तरी. जुन्या एव्हरेस्ट डेटमच्या (डब्ल्यूजीएस-८४ च्या आधीचा मोजणीचा आधार) टोपोशीटवरून, म्हणजे छापील सरकारी नकाशावरून काढलेली रेषा थोडीच सरकते, ती दिसत नाही आणि थेट साइटवर भांडण होतं.

शेपफाइल (नकाशाच्या सॉफ्टवेअरचा फाइल प्रकार) मागितली तर ती एक फाइल नसते. एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ आणि पीआरजे सगळ्या एकाच झिपमध्ये द्या. पीआरजे राहिली की झोन कोणता ते समोरच्याला कळायचा मार्गच नाही. आणि मराठी नावं भरली असतील तर यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करून, अक्षरं कशी वाचायची ते सांगणारी सीपीजी फाइल पण टाका, नाहीतर रस्त्याच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात आणि अर्ज "अपूर्ण माहिती" म्हणून परत.

लांबीवरून तर नुसता वैताग आहे. फॉर्ममध्ये १०.६ किलोमीटर, नकाशावर १०, लगेच त्रुटी. कारण सॅटेलाइट बेस मॅपचं जे वेब मर्केटर प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट दाखवायची पद्धत) असतं त्यात सरळ मोजली तर आपल्या अक्षांशावर लांबी साधारण ६ टक्क्यांनी जास्त येते. पूर्ववत करायचा खर्च आणि गॅरंटी किलोमीटरवर ठरते, म्हणजे ही चूक तुमच्याच खिशातून जाते. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये एलिप्सॉइडवरची, म्हणजे पृथ्वीच्या खऱ्या गोलाईवरची लांबी घ्या आणि तोच आकडा फॉर्म, नकाशा, कव्हरिंग लेटर सगळीकडे ठेवा.

रेल्वे क्रॉसिंगची परवानगी वेगळी, रेल्वेकडूनच. वनजमिनीला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर वेगळा अर्ज आणि तिथेही केएमएल. विदर्भात एक गोष्ट आवर्जून बघा, सातबाऱ्यावर झुडपी जंगल लिहिलेलं असेल तर ते सॅटेलाइटवर मोकळं माळरान दिसलं तरी वनच, मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलंय. चित्रावर झाड दिसत नाही म्हणून रूट तिथून नेऊ नका, सातबारा काढा.

मुदतीबद्दल गैरसमज फार आहेत. २०१६ च्या नियमांत ६० दिवसांत निर्णय नाही झाला तर परवानगी मिळाली असं मानायची तरतूद आली, मानीव परवानगी नवीन नियमांतही आहे. पण लोक सबमिट दाबलं त्या तारखेपासून दिवस मोजत बसतात आणि मधे निघालेली त्रुटी बघतच नाहीत, कारण तो मेसेज कंपनीच्या लॉगिनला जातो आणि साइटवरच्या माणसाला कळतच नाही. त्रुटीला उत्तर दिलेलं नसेल तर मानीव परवानगीच्या भरवशावर जेसीबी लावू नका बाबांनो, मशीन जप्त होतं आणि रोजचं भाडं चालूच राहतं. आणि अर्ज चुकीच्या ऑफिसला गेला असेल तर ते ऑफिस कितीही दिवस गप्प बसलं तरी उपयोग शून्य, कारण रस्ता त्यांचा नाहीच.

दुसरी मुदत पावसाळ्याची. बहुतेक महापालिका मेच्या शेवटापासून पाऊस संपेपर्यंत खोदाई बंद ठेवतात, पण परवानगीवरची कामाची मुदत त्या काळातही पळत राहते. मे मध्ये पत्र हातात आलं तर त्याच आठवड्यात मुदतवाढीचा अर्ज देऊन पोच घ्या, सप्टेंबरची वाट बघू नका.

काम झाल्यावर ॲज-बिल्ट नकाशा, म्हणजे केबल प्रत्यक्ष जिथून टाकली त्याचा नकाशा द्यायचा असतो आणि इथे सर्रास अर्जाचीच केएमएल नाव बदलून देतात. हे करू नका. खडक लागला म्हणून बाजू बदलली, मोरीच्या खालून न जाता बाजूने गेले, हे सगळं जमिनीत आहे पण नकाशात नाही. २०२३ पासून कॉल बिफोर यू डिग ॲपवर दुसरा कोणी खोदणार असेल तर त्याची सूचना तुम्हाला येते, तुम्ही तुमचा नकाशा बघून "इथे आमचं काही नाही" असं कळवता आणि दुपारी केबल तुटते, मग नुकसानभरपाई मागायला तोंडही राहत नाही. चर बुजवायच्या आधी, त्याच दिवशी, प्रत्येक वळणाचा आणि चेंबरचा पॉइंट घ्या, खोली, रस्त्याच्या कडेपासूनचं अंतर आणि डक्टची (केबलच्या पाइपची) संख्या तिथेच भरून घ्या, आणि एक कॉपी नेटवर्क सांभाळणाऱ्या टीमला पाठवा.