'पाळीव प्राणी चालणार नाहीत' या अटीला अपवाद कसा झाला

अमेरिकेत घर भाड्याने देताना 'पाळीव प्राणी चालणार नाहीत' अशी अट करारात घालायला घरमालकाला साधारणपणे मुभा आहे. तरीही एखादा भाडेकरू डॉक्टरचं किंवा थेरपिस्टचं पत्र घेऊन येतो, 'माझ्या आजारात या कुत्र्याचा मला आधार लागतो' असं सांगतो, आणि बहुतेक वेळा मालकाला ती अट बाजूला ठेवावी लागते. वर प्राण्यापोटी जादा अनामत किंवा जादा भाडंही मागता येत नाही. अनेक मालकांना हे गेल्या काही वर्षांतलं नवं खूळ वाटतं. खरं तर या सवलतीची मुळं अपंगांच्या हक्कांच्या लढ्यात आहेत.

सुरुवात घरांपासूनच झाली, पण प्रश्न वेगळा होता. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, ११ एप्रिल १९६८ रोजी, अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी फेअर हाउसिंग ॲक्टवर सही केली. वंश, रंग, धर्म किंवा मूळ देश पाहून घर नाकारणं बेकायदा ठरलं. अपंगत्वाचा त्यात उल्लेख नव्हता. अपंगत्वावरून भेदभाव करायला बंदी आली ती १९७३ च्या रिहॅबिलिटेशन ॲक्टच्या (पुनर्वसन कायद्याच्या) कलम ५०४ मध्ये, आणि तीही केंद्र सरकारचा पैसा जिथे लागतो तेवढ्यापुरतीच. कलम कागदावर आलं तरी त्याचे नियम चार वर्षं अडवून ठेवले गेले. अखेर एप्रिल १९७७ मध्ये अपंग कार्यकर्त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी कचेरीत ठाण मांडलं. व्हीलचेअरवरची, अंध, कर्णबधिर माणसं जवळजवळ चार आठवडे तिथून हलली नाहीत, तेव्हा कुठे नियमांवर सही झाली. आज भाडेकरूच्या हातात असलेल्या पत्राला जी किंमत आहे, ती या माणसांनी मिळवून दिली आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

याच कलमाखाली जॉर्जिया राज्यातल्या डीकॅल्ब काउंटीचं प्रकरण उभं राहिलं. मानसिक आजार असलेली एक महिला तिथल्या सरकारी वसाहतीत राहत होती आणि प्राणी ठेवायला तिथे बंदी होती. कुत्र्याशिवाय आपला निभाव लागत नाही, असं तिचं म्हणणं. खालच्या कोर्टाने सुनावणी न घेताच दावा निकाली काढला. १९८१ मध्ये अपील कोर्टाने तो निर्णय फिरवला आणि तिचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे, असं बजावलं. मानसिक आजार, कुत्रा आणि भाड्याचं घर हे तिन्ही धागे एका खटल्यात इतक्या लवकर एकत्र आले होते.

खासगी घरमालक मात्र अजून बाहेरच होते. ते कायद्याच्या कक्षेत आले फेअर हाउसिंग ॲक्टच्या १९८८ च्या दुरुस्तीने, जी मार्च १९८९ पासून लागू झाली. अपंग व्यक्तीला घराचा इतरांसारखाच उपभोग घेता यावा म्हणून गरज असेल तिथे नियमांत वाजवी सवलत द्यायची, आणि ती नाकारणं म्हणजे भेदभाव, असं या दुरुस्तीने ठरवलं. प्राण्यांबद्दल कायद्यात वेगळं काही नव्हतं. गृहनिर्माण खात्याने, म्हणजे 'हड'ने, नियम केले तेव्हा उदाहरण दिलं ते अंध व्यक्तीच्या मार्गदर्शक कुत्र्याचं. ते कुणालाही पटण्यासारखं होतं. अमेरिकेत अशी कुत्री तयार करणारी 'द सीइंग आय' ही संस्था १९२९ पासून काम करत होती आणि कुत्रा नेमकं काय करतो हे रस्त्यावर दिसत होतं.

नैराश्य असलेल्या माणसाच्या मांडीवर नुसतं बसून राहणारं कुत्रं काय करतं, हे दाखवणं अवघड. बालमानसतज्ज्ञ बोरिस लेविन्सन यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या 'जिंगल्स' कुत्र्याचे अनुभव मांडले होते. न बोलणारी, कुणाजवळ न जाणारी मुलं कुत्र्यापाशी मोकळी होतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. ही समजूत कोर्टांत रुजायला चाळीस वर्षं लागली, आणि रुजली तीही अडखळत. कुत्रा प्रशिक्षित असावा अशी अपेक्षा घरमालक ठेवू शकतो, असं २००१ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. २००४ मध्ये कॅलिफोर्नियात उलटं घडलं. नैराश्याने ग्रासलेल्या एका जोडप्याने एक लहान कुत्रा आणला होता आणि कुत्र्यांना बंदी असल्यामुळे रहिवासी संघाने तो काढायला लावला. राज्याच्या आयोगाने जोडप्याच्या बाजूने निर्णय दिला, खालच्या कोर्टाने तो रद्द केला, अपील कोर्टाने पुन्हा उचलून धरला. त्या कोर्टाचं म्हणणं असं की इथे उपयोगी पडलं ते कुत्र्याचं शिक्षण नव्हे. त्याचा माणसांत मिसळणारा मूळ स्वभावच औषधासारखा लागू पडला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत समजूतदार विधान हेच आहे. पुढे २००९ मध्ये ओहायोतल्या केंद्रीय न्यायालयानेही घरांच्या बाबतीत प्रशिक्षणाची अट नाही, असं सांगितलं.

गोंधळ वाढला तो इथून. दुकानं, हॉटेलं, कचेऱ्या यांना लागू असलेल्या एडीए (अमेरिकन्स विथ डिसॲबिलिटीज ॲक्ट) या अपंगांच्या हक्कांच्या कायद्याखाली न्याय खात्याने २०१० मध्ये नियम कडक केले. सेवा देणारा प्राणी म्हणजे विशिष्ट कामासाठी शिकवलेला कुत्राच. नुसता भावनिक आधार पुरेसा नाही. हडने २०१३ मध्ये स्पष्ट केलं की हा नियम घरांना लागत नाही. म्हणजे एकच कुत्रा इमारतीत राहू शकतो, पण कोपऱ्यावरच्या दुकानात त्याला प्रवेश नाही. त्याच वर्षी विद्यार्थी वसतिगृहंही फेअर हाउसिंग ॲक्टखाली येतात, असा निकाल नेब्रास्का विद्यापीठाच्या कर्नी इथल्या खटल्यात लागला आणि २०१५ मध्ये विद्यापीठाने १,४०,००० डॉलर देऊन तडजोड केली. विमान कंपन्यांना मात्र जानेवारी २०२१ पासून असे प्राणी साधे पाळीव प्राणी मानण्याची मुभा मिळाली.

आधार देणारा प्राणी घरात राहू शकतो का, हा प्रश्न अशा रीतीने सुटला. गरज खरी आहे याची हमी कुणी द्यायची, हे मात्र कुठल्याच कायद्याने नीट ठरवलं नाही. मालकाला आजाराचं नाव विचारता येत नाही, वैद्यकीय कागद मागता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. अपंगत्व उघड दिसत नसेल तर खात्रीलायक माहिती तेवढी मागता येते. ही पोकळी इंटरनेटवरच्या विक्रेत्यांनी हेरली. चार प्रश्नांची उत्तरं द्या, पैसे भरा, प्रमाणपत्र आणि कुत्र्याचं जाकीट घरपोच. अशा कुठल्याही नोंदणीला कायद्यात स्थान नाही, तरी व्यवहार फोफावला. याने सर्वांत मोठं नुकसान खरोखर आजारी असलेल्यांचं केलं, कारण त्यांचं पत्रही आता संशयाने वाचलं जातं.

नोव्हेंबर २०१९ मध्ये हडने ग्राहक संरक्षणाचं काम पाहणाऱ्या केंद्रीय व्यापार आयोगाला अशा संकेतस्थळांची चौकशी करायला सांगितलं. जानेवारी २०२० च्या, आणि २०२५ मध्ये मागे घेतल्या गेलेल्या, मार्गदर्शिकेत विकत घेतलेलं प्रमाणपत्र स्वतःहून पुरेसा पुरावा नाही, हे लिहिलं गेलं. मात्र परवानाधारक व्यक्तीने दूरस्थ उपचार करून दिलेलं पत्र ग्राह्य राहिलं. कुत्रा, मांजर, ससा, लहान पक्षी, मासे यांच्यासाठी वाट सोपी ठेवली आणि माकड किंवा कांगारू आणणाऱ्यावर गरज सिद्ध करण्याची मोठी जबाबदारी टाकली. मालकाच्या बाजूनेही काही गोष्टी कायम होत्या: प्राण्याने मोडतोड केली तर भरपाई घेता येते, आणि तो विशिष्ट प्राणी धोकादायक वागला असेल तर नकार देता येतो. केवळ जात बघून तसं ठरवता येत नाही. मालक स्वतः राहत असलेल्या, चार किंवा त्याहून कमी घरांच्या इमारती तर केंद्रीय कायद्याच्या बऱ्याचशा तरतुदींतून आधीपासूनच वगळलेल्या आहेत.

नंतर राज्यांनी सूत्रं हातात घेतली. फ्लोरिडाने २०२० मध्ये खोटा दावा हा गुन्हा ठरवला. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२२ पासून कुत्र्यासाठी पत्र देण्याआधी उपचार करणाऱ्याचा रुग्णाशी किमान ३० दिवसांचा संबंध असावा लागतो. विक्रेत्यांना आळा घालायला ही अट योग्य आहे. पण ज्याला विमा नाही, मानसोपचारतज्ज्ञाची पहिली वेळ मिळवण्यातच ज्याचे आठवडे जातात, त्याला ती सर्वांत जड जाते, आणि त्याच्यासाठी कमी खर्चात अशी तपासणी करून देणारी सोय आधी उभी करायला हवी होती.