डिजिटल प्रशासनाची जबाबदारी (ग्रामीण विदर्भाच्या संदर्भात)

सरकारी कारभार संगणकावर आणि मोबाइलवर आल्यानंतर त्यातले कोणते काम कोणी करायचे, याची शासनाने केलेली वाटणी. भारतात या कारभाराचा धनी एक नाही. आधार एका मंत्रालयाचे, नेटची केबल दुसऱ्याचे, सातबारा राज्याच्या महसूल खात्याचा आणि अर्ज भरून देणारा मुलगा ग्रामपंचायतीत बसलेला, अशी ही रचना आहे. नागपूर आणि अमरावती या दोन महसुली विभागांच्या 11 जिल्ह्यांत, म्हणजे विदर्भात, कापूस, सोयाबीन, तूर, धान यांपैकी काहीही पेरले तरी शेतकऱ्याचे सरकारी काम आता ‘ऑनलाइन’ करावे लागते. ‘साइट चालून नाही राहिली’ हे गावातले रोजचे वाक्य आहे. त्यामागे सर्व्हर बंद असेल, रेंज गेली असेल, आधार जुळत नसेल किंवा पीकपेऱ्याची नोंदच राहिली असेल. वाक्य एकच असले तरी हे चार बिघाड दुरुस्त करणारे चार वेगळे आहेत.

काही देशांनी हे काम एका छत्राखाली आणले. ब्रिटनमध्ये 2011 साली कॅबिनेट ऑफिसात गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिस सुरू झाली, सिंगापूरने 2016 साली गव्हटेक ही संस्था उभारली. भारतात तसे सरसकट करता येत नाही. संविधानाच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे जमीन, शेती आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे राज्याचे विषय आहेत, तर टपाल-दूरसंचार केंद्राचा. शेतकऱ्याच्या मोबाइलवरच्या एका अर्जात हे सगळे विषय एकत्र येतात.

केंद्रातील वाटणी

केंद्रात कोणते काम कोणत्या मंत्रालयाचे हे संविधानाच्या अनुच्छेद 77 खाली केलेल्या 1961 च्या कार्यवाटप नियमांनी ठरते. डिजिटल कारभाराची मुख्य जबाबदारी इलेक्ट्रॉनिकी आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे आहे. त्याचा उगम 1970 च्या इलेक्ट्रॉनिक्स विभागात. 1999 मध्ये माहिती तंत्रज्ञानाचे वेगळे मंत्रालय झाले, पुढे ते दूरसंचाराशी जोडले गेले आणि जुलै 2016 मध्ये पुन्हा सुटे झाले. या शेवटच्या फारकतीचा गावाशी थेट संबंध आहे. सॉफ्टवेअर आणि ओळख एका मंत्रालयाकडे राहिली, तर केबल आणि टॉवर दळणवळण मंत्रालयाच्या दूरसंचार विभागाकडे गेले.

सर्वांत जुनी आणि भक्कम यंत्रणा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची, म्हणजे एनआयसीची. स्थापना 1976. 1980 च्या दशकाच्या अखेरीस तिने उपग्रहाच्या आधाराने जिल्हा मुख्यालये जोडायला घेतली. सामान्य माणसासाठी भारतात इंटरनेट आले ते 15 ऑगस्ट 1995 ला. आजही प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयात एनआयसीचा अधिकारी असतो. रोजगार हमीच्या हजेरीपटाची प्रणाली, पंचायतींचे ई-ग्रामस्वराज आणि महाराष्ट्रातला ई-फेरफार (जमिनीच्या नोंदी बदलण्याची ऑनलाइन प्रणाली) ही एनआयसीचीच कामे. पण एनआयसी फक्त प्रणाली बांधते. तिच्यात भरलेली माहिती खरी की खोटी याला संबंधित खाते जबाबदार असते. हा फरक लक्षात न आल्यामुळे कितीतरी तक्रारी चुकीच्या टेबलावर पडून राहतात.

18 मे 2006 रोजी राष्ट्रीय ई-शासन योजना मंजूर झाली आणि ‘मिशन मोड’ प्रकल्पांची कल्पना पक्की झाली. प्रत्येक प्रकल्पाला एक मालक खाते. सुरुवातीला असे 27 प्रकल्प होते, ते पुढे 31 झाले. 1 जुलै 2015 पासून हे सगळे डिजिटल इंडिया कार्यक्रमात आले. जमीन अभिलेखांसाठी केंद्राचा पैसा ग्रामविकास मंत्रालयाच्या भूसंसाधन विभागातून येतो, पंचायतींचे ऑनलाइन काम पंचायती राज मंत्रालय पाहते आणि केंद्राच्या तक्रार पोर्टलची जबाबदारी प्रशासकीय सुधारणा विभागावर आहे.

मालकी बदलल्याची उदाहरणेही आहेत. थेट लाभ हस्तांतरणाची, म्हणजे योजनेचा पैसा थेट बँक खात्यात टाकण्याची मोहीम 2013 मध्ये नियोजन आयोगात सुरू झाली, त्याच वर्षी खर्च विभागाकडे गेली आणि सप्टेंबर 2015 मध्ये मंत्रिमंडळ सचिवालयात आली. पैसा अनेक मंत्रालयांचा असला तर त्यांच्या वर बसणारे कोणीतरी हवे, हे त्या अनुभवातून उमगले असावे. आधार प्राधिकरणही 2009 मध्ये नियोजन आयोगाखालीच जन्मले. सप्टेंबर 2015 मध्ये ते माहिती तंत्रज्ञान विभागाकडे आले आणि 2016 च्या आधार कायद्याने त्याला वैधानिक दर्जा मिळाला.

कापसाच्या गाडीमागचे हिशेब

ही सगळी वाटणी एका जागी पाहायची तर कापूस पाहावा. 2025-26 च्या हंगामापासून हमीभावाने कापूस विकण्यासाठी भारतीय कापूस महामंडळाच्या ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करावी लागते. महामंडळ वस्त्रोद्योग मंत्रालयाचे. नोंदणीला आधार लागते, ते माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाखालच्या प्राधिकरणाचे. जमिनीचा कागद लागतो, तो राज्याच्या महसूल विभागाचा. कापूसच पेरला होता हे दाखवावे लागते. त्याची नोंद ई-पीक पाहणीत होते. राज्यभर 15 ऑगस्ट 2021 पासून सुरू झालेली ही पाहणी आता केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाशी जोडली आहे. पैसे आधार जोडलेल्या बँक खात्यात जमा होतात. घरात कापसाचा ढीग लागलेला असताना शेतकऱ्याला एवढ्या सगळ्यांचा मेळ घालावा लागतो.

यात सर्वांत जास्त अडते ते नाव. बापाने ठेवलेले नाव कृष्णा, पण गावात सगळे किसना म्हणायचे, म्हणून जुन्या फेरफारात किसना लागले. शाळेच्या दाखल्यावरून काढलेल्या आधारवर कृष्णा आले. माणूस तोच, वावर तेच, धुरा (शेताचा बांध) तोच. संगणकाला मात्र दोन माणसे दिसतात. पूर्वी तलाठी नाव आणि माणूस दोन्ही ओळखायचा. त्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे. तो आजही ओळखतो, पण त्याच्या ओळखीला प्रणालीत रकाना नाही. सातबाऱ्यावरची लेखनाची चूक महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 155 खाली तहसील कार्यालयातून दुरुस्त होते. आधारवरचे नाव आधार केंद्रात बदलते, तेही आयुष्यात दोनदाच. त्यामुळे कोणता कागद कोणत्या कागदाप्रमाणे बदलायचा हे आधी ठरवावे आणि मगच रांगेत उभे राहावे. घाईत एक बाजू बदलली आणि बँकेतले नाव तिसरेच निघाले, तर सगळे पुन्हा पहिल्यापासून.

राज्य आणि गाव

महाराष्ट्रात सातबाऱ्याची प्रणाली पुण्याच्या जमाबंदी आयुक्तांकडे आहे. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. दाखल्यांसाठी ‘आपले सरकार’ आणि कृषी अवजारांपासून शिष्यवृत्तीपर्यंतच्या योजनांसाठी महाडीबीटी ही पोर्टले आहेत. शेतकरी ओळख क्रमांक ॲग्रिस्टॅकमधून, म्हणजे शेतकऱ्यांच्या माहितीसाठी केंद्राने आखलेल्या डिजिटल यंत्रणेतून आला. सप्टेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या 2,817 कोटी रुपयांच्या डिजिटल कृषी मोहिमेचा तो पाया आहे. महाराष्ट्रात कृषी योजनांसाठी तो 15 एप्रिल 2025 पासून बंधनकारक झाला.

गावात ही सगळी पोर्टले दोन प्रकारच्या माणसांच्या हातून चालतात. एक सीएससीचा, म्हणजे कॉमन सर्व्हिस सेंटरचा केंद्रचालक. तो स्वतःचे दुकान चालवणारा, प्रत्येक कामामागे दर घेणारा. त्याच्यामागची कंपनी 2009 मध्ये केंद्राने उभारलेली. दुसरा ग्रामपंचायतीच्या आपले सरकार सेवा केंद्रातला संगणक परिचालक. 2011 मध्ये राज्यात ग्रामपंचायतींचे काम संगणकावर आणणारा संग्राम प्रकल्प आला, 2016 पासून त्याची जागा या केंद्रांनी घेतली. परिचालकाच्या मानधनाचा भार ग्रामपंचायतीच्या निधीवर येतो. तो सरकारी नोकर नाही, आणि मानधनासाठी या परिचालकांना वारंवार आंदोलने करावी लागली आहेत. दिल्लीत आणि मुंबईत आखलेल्या प्रत्येक योजनेचा अर्ज अखेर त्यानेच भरायचा असतो. संपूर्ण साखळीत सर्वांत कमी हक्क आणि सर्वांत जास्त बोलणी त्याच्या वाट्याला येतात, हे या रचनेचे मोठे व्यंग आहे.

त्या केंद्रातली एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. कापूस वेचणाऱ्या, निंदणाला जाणाऱ्या बाईचा अंगठा मशीनवर उमटत नाही. बोंडाच्या टोकदार कडांनी आणि विळ्याच्या मुठीने बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. ती पदराला हात पुसते, पुन्हा ठेवते, मग दुसरे बोट, मग तिसरे. परिचालक म्हणतो, ‘काकू, थोडं दाबून ठेवा.’ अशा वेळी ओटीपी, डोळ्यांची बुबुळे किंवा चेहरा या पर्यायी ओळखीची सोय आधारमध्ये आहे. पण ती त्या योजनेत लागू करायची की नाही हे योजना चालवणारे खाते ठरवते. म्हणून एकीकडे चेहऱ्यावर काम होते आणि दुसरीकडे त्याच बाईला रिकाम्या हाताने परत जावे लागते.

रेंजचा प्रश्न

ऑक्टोबर 2011 मध्ये केंद्राने ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना मंजूर केली, तिचेच पुढे भारतनेट झाले. मालकी दूरसंचार विभागाची. केबल ग्रामपंचायतीच्या इमारतीपर्यंत येते, पण वाड्यावस्त्या आणि ढाणे (छोटे आदिवासी पाडे) त्यापलीकडे असतात. गडचिरोलीत नक्षलग्रस्त भागातले टॉवर सार्वत्रिक सेवा निधीतून उभे राहिले. त्याच निधीला आता डिजिटल भारत निधी म्हणतात. मेळघाटात धारणी तालुक्यातले हरिसाल 2016 मध्ये डिजिटल गाव म्हणून पुढे आले. त्याच डोंगरात रोजगार हमीची हजेरी मोबाइलवरून लावावी लागते, तीही दिवसातून दोन फोटो काढून. ही ॲपवरची हजेरी 1 जानेवारी 2023 पासून सक्तीची झाली. हजेरी ग्रामविकास मंत्रालयाची आणि रेंज दूरसंचार विभागाची. दोघांच्या मध्ये मजुरी अडकली तर दाद एका अर्जात मागता येत नाही, निदान आज तरी.

दाद कुठे मागावी

राज्याच्या अधिसूचित सेवांना महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 लागू आहे. मुदतीत दाखला मिळाला नाही तर खात्यातच पहिले आणि दुसरे अपील करता येते, त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोगाकडे जाता येते. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. अर्जाची पोचपावती आणि तिच्यावरचा क्रमांक एवढेच त्यासाठी हाताशी लागते, म्हणून ती पावती घेतल्याशिवाय केंद्रातून उठू नये. आधारच्या तक्रारीला 1947 हा क्रमांक आहे. केंद्राच्या मंत्रालयांविरुद्धची तक्रार सीपीग्राम्स या केंद्राच्या तक्रार पोर्टलवर जाते. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले तर 1930 वर लगेच फोन करावा. तो गृह मंत्रालयाच्या यंत्रणेचा आहे. कपास किसानमधली नोंदणी पीकपेऱ्याच्या नोंदीमुळे अडली असेल, तर महामंडळाकडे चकरा मारून उपयोग नसतो. ते काम ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे सुरू होते.