घोड्याच्या पायाची क्ष-किरण तपासणी

शर्यतीच्या घोड्याच्या गुडघ्याखालच्या पायातील आणि खुरातील दुखणे एक्स-रे काढून ओळखण्याची पद्धत. घोड्याच्या शरीराचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो आणि गुडघ्याखाली मांसल स्नायू जवळजवळ नसतात, त्यामुळे भरधाव वेगातला प्रत्येक धक्का हाडे, कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) आणि अस्थिबंध (हाडाला हाडाशी जोडणारे पट्टे) यांनाच सोसावा लागतो.

रेसकोर्स पुण्याला असले, तरी हा विषय सातारा जिल्ह्याला परका नाही. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात (स्थापना १९८८) पशुशल्यचिकित्सा व क्ष-किरणशास्त्र शिकवले जाते. पाचगणीच्या टेबल लँडवर पर्यटकांना फिरवणारी घोडी जांभ्या खडकाच्या टणक पठारावर चालतात, आणि घोडे लंगडू लागले की त्यांचीही तपासणी पुढे दिलेल्या क्रमानेच करावी लागते.

एक्स-रे ही पहिली पायरी नव्हे. घोडा आधी दुडक्या चालीने पळवून पाहतात. पुढचा पाय दुखत असेल, तर तो टेकताना घोडा मान वर उचलतो. मग खूर चिमट्याने दाबून आणि गरजेप्रमाणे मज्जातंतू बधिर करून दुखरी जागा नक्की करतात.

खुराच्या एक्स-रेचे यश पूर्वतयारीवर ठरते. नाल काढतात, तळ खरवडून ब्रशने स्वच्छ करतात आणि तळाच्या खाचांत कणकेसारखा मऊ लगदा दाबून भरतात. खाचेत हवा राहिली, तर तिची काळी रेघ हाडावर उमटते आणि हुबेहूब भेगेसारखी दिसते. दोन्ही पाय सारख्या उंचीच्या लाकडी ठोकळ्यांवर ठेवून किरण तळाच्या पातळीत सोडतात. लॅमिनायटिसची (खुराच्या आतल्या पापुद्र्यांना येणाऱ्या सुजेची) शंका असल्यास खुराच्या पुढच्या भिंतीवर धातूची तार चिकटवतात. निरोगी पायात ही तार आणि आतल्या शेवटच्या हाडाची पुढची कड समांतर दिसतात; विकारात हाडाला धरून ठेवणारे पापुद्रे सुटतात, मागची कंडरा हाड ओढते आणि त्याचे टोक तळाकडे झुकते. किती अंशांनी झुकले, हे त्या तारेवरून मोजता येते.

नळीच्या हाडाच्या (गुडघ्याखालच्या लांब हाडाच्या) खालच्या टोकाची चीर मात्र फसवी असते. फेटलॉक सांध्याच्या (नळीच्या हाडाखालच्या सांध्याच्या) समोरून, बाजूने आणि दोन्ही तिरक्या कोनांतून अशा किमान चार प्रतिमा घ्याव्या लागतात, कारण किरण चिरेच्या रेषेत गेले तरच ती दिसते. केसाएवढी चीर पहिल्या दिवशी कोणत्याच कोनातून न दिसण्याचाही संभव असतो. कडेचे हाड विरघळू लागल्यावर, साधारण १० ते १४ दिवसांनी, ती स्पष्ट होते. म्हणून लंगडणे कायम असताना एका स्वच्छ प्रतिमेच्या भरवशावर घोडा पुन्हा पळवणे हा अक्षम्य निष्काळजीपणा आहे: तीच चीर धावताना पूर्ण फाटते आणि बरा होऊ शकणारा घोडा गमवावा लागतो.

कंडरा आणि अस्थिबंध यांच्या इजा एक्स-रेत दिसत नाहीत, त्यांसाठी सोनोग्राफी करतात. एक्स-रे काढताना घोडा बिथरू नये म्हणून त्याला गुंगीचे औषध देतात. लगाम धरणाऱ्या मोतद्दारालाही शिशाचा एप्रन घालावा लागतो, आणि प्रतिमा उमटणारी प्लेट लांब दांड्याच्या पकडीने धरतात. शिशाचे हातमोजे घातले असले, तरी हात किरणांच्या थेट झोतात जाऊ द्यायचा नसतो.