शरीरयष्टी आणि बळ (भूमिकाखेळ)

रोल-प्लेइंग गेम अर्थात भूमिकाखेळात (खेळाडू काल्पनिक पात्रांच्या भूमिका घेऊन खेळतात तो खेळ) पात्राची उंची, वजन व हाडापेर यांचा त्याच्या बळाच्या आकड्याशी किती संबंध ठेवावा, याविषयीचे नियम आणि त्यांमागील शरीरशास्त्रीय विचार. या नोंदीतील उपयोजनाची उदाहरणे ग्रामीण विदर्भातील आहेत.

बळ अंकांत मांडण्याची रीत छापील स्वरूपात प्रथम १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात दिसते. तिच्या जनकत्वाविषयी मतभेद आहेत. डेव्ह आर्नेसन यांचा ‘ब्लॅकमूर’ हा खेळ साधारणतः १९७१ पासून चालू होता आणि त्यातील पात्रांनाही गुणांक असत; म्हणून काही अभ्यासक श्रेय त्यांना देतात. इतर अभ्यासक ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चे सहलेखक गॅरी गायगॅक्स यांच्या संपादनाला अधिक महत्त्व देतात. या दोघांमधील श्रेयाचा वाद १९७९ मध्ये न्यायालयातही गेला होता. सहा गुणांची पक्की मांडणी दोघांच्या नावे निघालेल्या संहितेतच आढळते, हे पाहता संयुक्त श्रेय सयुक्तिक वाटते. मूळ संहितेत बळ तीन फाशांवर, म्हणजे ३ ते १८ या मर्यादेत ठरे. मात्र त्याचा उपयोग मुख्यतः लढवय्याला अनुभवाचे जादा गुण मिळण्यापुरता होता. घाव बसण्याची शक्यता व इजा यांवर बळाचा परिणाम १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीपासून होऊ लागला. देहाच्या आकारमानाला स्वतंत्र अंक या परंपरेत मिळाला नाही. पुढील आवृत्त्यांतही उंची-वजनाचे तक्ते आहेत, पण ते बळाचा आकडा विचारात घेत नाहीत.

ही उणीव १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’ने भरून काढली. त्यात बळ, काटकपणा आणि आकारमान हे तीन वेगळे गुण आहेत. वार किती जोराचा, हे बळ व आकारमान यांच्या बेरजेवर ठरते. मार सोसण्याची ताकद काटकपणा व आकारमान यांवर. याच घराण्यातील ‘कॉल ऑफ थुलू’ (१९८१) मध्ये प्रौढ माणसाचे आकारमान ८ ते १८, तर बळ ३ ते १८ या पल्ल्यात येई. त्यामुळे धिप्पाड पण दुबळा आणि किरकोळ पण बळकट, अशी दोन्ही माणसे कागदावर उभी राहतात. ‘गर्प्स’ (१९८६) हा खेळ उलट दिशेने जातो. त्याच्या चौथ्या आवृत्तीत (२००४) बळाच्या आकड्यावरून उंची-वजनाचा पल्ला सुचवला जातो आणि उचलण्याची मूळ क्षमता ‘बळाचा वर्ग भागिले पाच’ इतके पौंड धरतात. बळ १० असेल तर २० पौंड, २० असेल तर ८०. बळ दुप्पट झाले की क्षमता चौपट, ही या सूत्रातील लक्षणीय बाब होय.

याचे मूळ गॅलिलिओने १६३८ मध्ये मांडलेल्या वर्ग-घन नियमात शोधता येते. स्नायूचे बळ त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, तर वजन घनफळावर. बांधा तोच ठेवून उंची दुप्पट केली, तर बळ चौपट आणि वजन आठपट होते. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या मानाने बळ निम्म्यावर येते. एम. एच. लिएट्झके यांनी १९५६ मध्ये दाखवून दिले की, भारोत्तोलनातील विक्रम शरीराच्या वजनाच्या दोन-तृतीयांश घाताच्या प्रमाणात वाढतात. सोल ऑलिंपिकमध्ये १९८८ साली ६० किग्रॅ. गटातील भारोत्तोलक नईम सुलेमानोग्लू याने क्लीन अँड जर्कमध्ये (आधी खांद्यापर्यंत व मग डोक्यावर, असा दोन टप्प्यांत भार उचलण्याचा प्रकार) १९० किग्रॅ. उचलले, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून अधिक. भारोत्तोलक लाशा तालाखाद्झेने २०२१ मध्ये त्याच प्रकारात २६७ किग्रॅ. उचलले, पण त्याचे स्वतःचे वजन १७० किग्रॅ.हून अधिक होते. निरपेक्ष बळ थोराड देहाचे, सापेक्ष बळ लहान देहाचे. भूमिकाखेळाच्या नियमांत हा भेद बहुधा हरवतो. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या आवृत्तीत सुमारे ४० पौंडांचा हाफलिंग (बुटक्या काल्पनिक वंशाचे पात्र) बळ २० असल्यास ३०० पौंड वाहू शकतो, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या साडेसातपट.

विल्यम शेल्डन यांचे देहप्रकार (१९४०), म्हणजे मेदल, स्नायुल व कृश, पात्ररचनेत आजही वापरले जातात. त्यांनी देहाशी जोडलेले स्वभावविशेष आता ग्राह्य धरले जात नाहीत. निव्वळ वर्णनापुरते ते चालतील. सरावाच्या पहिल्या काही आठवड्यांत वाढणारे बळ बरेचसे मज्जासंस्थेच्या अनुकूलनातून येते, त्या वेळी स्नायू फारसे फुगलेले नसतात. दिसण्यावरून बळ ठरवणाऱ्या नियमाची अडचण येथे आहे.

विदर्भातील गावात बेतलेल्या खेळात ही अडचण लगेच जाणवते. जिनिंगच्या आवारात किंवा बाजार समितीत ५५ किलोचा हमाल ५० किलोचा कट्टा पाठीवर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर जातो. कट्टा तो एकट्याने जमिनीवरून उचलत नाही. दोघे जण कान धरून कट्टा उंच करतात, हा गुडघे वाकवून त्याखाली पाठ देतो, मानेच्या मागे भार नीट बसला की मगच चालू लागतो आणि थप्पीवर पाठ झुकवून तो उतरवतो. उचलणे आणि वाहणे या येथे दोन वेगळ्या क्रिया आहेत. नियमांतही त्यांना दोन आकडे हवेत. नेपाळमधील भारवाहकांच्या २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुरुषांचे ओझे सरासरीने त्यांच्या वजनाच्या ९३ टक्के भरले. आपल्या हमालाचे प्रमाणही जवळपास तितकेच येते. अशा पात्राला ‘कॉल ऑफ थुलू’च्या वरील पल्ल्यात आकारमान ९ आणि बळ १४ देणे वास्तवाला धरून होईल. नागपंचमीच्या कुस्त्यांच्या दंगलीत उतरणाऱ्या ९० किलोच्या पहिलवानाला आकारमान १५ व बळ १६ शोभेल. समोरच्याला रेटणे व चितपट करणे यांत त्याचे वजन कामी येते. मल्लखांबपटूचे गणित पुन्हा निराळे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने (स्थापना १९१४) ही परंपरा जोपासली आहे. त्यात स्वतःचाच देह पेलायचा असल्याने हलके अंग व सापेक्ष बळ महत्त्वाचे, आणि बळाच्या एकाच आकड्यात ते दिसत नाही.

स्त्रीपात्रांच्या बळाला ‘ॲडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९७८ च्या नियमांत वरची मर्यादा होती; मानवी स्त्रीसाठी ती १८/५० (लढवय्याचे १८ वरील जादा बळ शंभर भागांत मोजत, त्यांपैकी ५०) होती आणि १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती काढून टाकली गेली. स्त्री-पुरुषांच्या सरासरी बळातील फरक खरा आहे आणि तो कंबरेखाली कमी, वर अधिक असतो. पण त्यातील मोठा वाटा स्नायूंच्या आकारमानाचा आहे, तेव्हा आकारमान स्वतंत्र मोजणाऱ्या खेळात वेगळ्या मर्यादेची गरज उरत नाही. मेळघाटातून सरपणाची मोळी चुंबळीवर आणणाऱ्या बाईसाठी बळापेक्षा काटकपणाचा आकडा मोठा ठेवावा.

संगणकीय खेळांत अंगकाठी बदलण्याची सोय बहुधा दिसण्यापुरती असते. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’ (२००४) या खेळात मात्र खाणे व व्यायाम यांनुसार नायकाचा मेद आणि स्नायू कमी-जास्त होतात व ठोशाचा जोरही बदलतो. फाशांच्या खेळात ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०२४ च्या नव्या नियमांनी हातघाईच्या जड शस्त्रांसाठी लहान आकाराच्या पात्रांवरील बंधन सोडून किमान १३ बळाची अट घातली आहे.