केमो भरणाऱ्यांच्या अंगावर गाऊन आला कसा

केमोचं, म्हणजे कॅन्सरवरच्या औषधांमधलं, पहिलं औषध म्हणजे नायट्रोजन मस्टर्ड, पहिल्या महायुद्धातल्या मस्टर्ड गॅसचंच भावंड. १९४२ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात ते पहिल्यांदा पेशंटला दिलं. म्हणजे हे कातडी जाळणाऱ्या विषाच्या घराण्यातलं आहे हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तरी पुढची कितीतरी वर्षं सिस्टर लोक वॉर्डातच टेबलावर, उघड्या हातानं वायलमधून, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटलीतून, सिरिंज भरायचे. वायलमध्ये प्रेशर असतं, सुई बाहेर ओढताना बारीक फवारा उडतो, डोळ्याला दिसतही नाही.

ग्लोव्ज, गाऊन तेव्हा नव्हते असं नाही, पण ते जंतूंसाठी. पेशंटला आपल्यापासून वाचवायचं, एवढाच विचार. साधं उदाहरण घ्या, औषध भरायचं ते लॅमिनार फ्लो हूड, म्हणजे गाळलेली हवा सोडणारं कपाटासारखं टेबल, त्यातली हवा आतून सरळ भरणाऱ्याच्या तोंडावर यायची. औषध एकदम स्टराइल, आणि त्याचे कण सगळे भरणाऱ्याच्या श्वासात!

मग १९७९ मध्ये फिनलंडमध्ये फाल्क आणि सहकाऱ्यांनी केमो हाताळणाऱ्या नर्सेसची लघवी तपासली, त्यात डीएनए बदलणारे घटक सापडले, जसे केमो घेणाऱ्या पेशंटच्या लघवीत सापडतात तसे. आजार नाही, सलाइन लावलेलं नाही, तरी औषध अंगात. १९८५ ला तिथल्याच १७ हॉस्पिटलचा अभ्यास आला, गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ही औषधं हाताळणाऱ्या नर्सेसमध्ये गर्भ जाण्याची शक्यता दुपटीच्या वर. मला विचाराल तर खरं वळण इथंच आलं, कारण आता सिस्टरच्या पोटातल्या बाळाचा प्रश्न होता.

१९८६ मध्ये अमेरिकेच्या ओशानं, म्हणजे कामगारांची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी खात्यानं, मार्गदर्शक सूचना काढल्या, २००४ ला नायॉशनं, म्हणजे त्याच विषयावर संशोधन करणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेनं, मोठा इशारा दिला, २०११ ला वॉशिंग्टन राज्यानं कायदाच केला. हुडातली हवा वरून खाली जायला लागली.

कपडेही तेव्हाच बदलले. सुती गाऊन औषध शोषून घेतो आणि कातडीलाच चिकटवून ठेवतो, म्हणून आता प्लास्टिकचा थर दिलेला गाऊन, पुढून बंद, पाठीमागं बांधायचा, बाहीला मनगटाशी घट्ट कफ. ग्लोव्ज दोन जोड, आतला कफच्या खाली आणि बाहेरचा कफच्या वर, म्हणजे मनगटाची फट उघडी राहत नाही. साधे तपासणीचे ग्लोव्ज चालत नाहीत, कारमुस्टिन, थायोटेपा यांसारखी औषधं भल्याभल्या ग्लोव्जमधून आरपार जातात, म्हणून ग्लोव्जची वेगळी टेस्ट असते आणि साधारण अर्ध्या तासानं, फाटले तर लगेच, बदलायचे.

आणि हे फक्त भरणाऱ्यांसाठी नाही हो. केमोनंतर दोनेक दिवस पेशंटच्या लघवीत, उलटीत औषध उतरत असतं, ते भांडं उचलणाऱ्या, चादरी गोळा करणाऱ्या मावशींनाही तेच दोन जोड ग्लोव्ज आणि तोच गाऊन लागतो.